हिमालयाची तयारी सह्याद्रीत

हिमालयातला मोठा ट्रेक म्हणजे सलग ५ ते १२ दिवसांची चाल. रोजचे अंतर १० ते १५ किलोमीटर, वेळ ५ ते ८ तास, चढ कधी ५०० मीटरचा तर कधी हजाराचा. दमून तंबूत शिरलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी बूट चढवून पुन्हा तेवढेच चालायचे असते. सह्याद्रीतली एका दिवसाची गडफेरी आणि ही चाल यांतला खरा फरक हाच. रविवारी राजगड करून आलेला माणूस सोमवारी कचेरीत पाय ओढत का होईना, पण खुर्चीत बसलेला असतो. हिमालयात सोमवारही चालण्याचाच. आदल्या दिवसाचा थकवा पुरता उतरायच्या आत त्यावर नवा चढतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी शरीराची परीक्षा सुरू होते.

नेपाळमधला एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक घ्यावा. लुक्ला सुमारे २,८६० मीटर उंचीवर, बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर. जाऊन-येऊन अंतर साधारण १३० किलोमीटर आणि दिवस बाराच्या आसपास. वाटेत कुठेही दोर लावून चढावे लागत नाही; सगळी वाट पायवाटेची, दगडी पायऱ्यांची आणि झुलत्या पुलांची. म्हणजे गिर्यारोहणाचे कसब नसलेल्या माणसालाही तो करता येतो. तरीही दरवर्षी अनेक जण अर्ध्यातून परततात, ते मुख्यतः दोन कारणांनी. काहींना विरळ हवा सोसत नाही, काहींचे गुडघे आणि तळवे साथ सोडतात. पहिल्या कारणावर घरी बसून फारसा उपाय नाही. दुसऱ्यावर मात्र भरपूर आहे, आणि तो करायला सह्याद्रीसारखी जागा नाही.

डोंगरातल्या चालीचा हिशेब पूर्वीपासून एका सोप्या आडाख्याने केला जातो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला. सपाटीवर ताशी ५ किलोमीटर धरायचे आणि चढाच्या दर ६०० मीटरला एक तास जास्तीचा धरायचा. यानुसार १० किलोमीटर अंतर आणि ६०० मीटर चढ असलेल्या दिवसाला तीन तास पुरावेत. हिमालयात उंची, पाठीवरचे ओझे आणि विश्रांती धरून तेवढ्याच वाटेला पाच तास सहज लागतात. आडाखा उपयोगी पडतो तो वेगळ्याच कारणाने. किलोमीटरपेक्षा चढाचे मीटर मोजायला तो शिकवतो. तयारी करणाऱ्याने वहीत रोज लिहावा तो हाच आकडा. ‘आज ८ किलोमीटर चाललो’ यातून फार थोडे कळते; ‘आज ४०० मीटर चढलो आणि ४०० मीटर उतरलो’ यातून सगळे कळते.

तयारीला किती दिवस लागतात, हे शरीराच्या वेगवेगळ्या भागांच्या चालीवर ठरते. नियमित चालायला लागल्यावर दम वाढल्याचे तीन-चार आठवड्यांत जाणवते. स्नायूंना बळ यायला सहा ते आठ आठवडे लागतात. स्नायू हाडाला बांधून ठेवणाऱ्या कंडरा आणि सांध्याला धरून ठेवणारे बंध मात्र फार सावकाश बळकट होतात, त्यांना काही महिने द्यावे लागतात. दम आला आहे, पायांत जोर आहे, पण गुडघ्याची वाटी दुखते किंवा टाचेमागची शीर धरते, ही तक्रार घाईने तयारी करणाऱ्यांत हमखास ऐकू येते, तिचे मूळ इथे आहे. म्हणून अगदीच बैठे काम करणाऱ्याने चार महिने हाताशी ठेवावेत. आठवड्याला दोन-तीनदा चालणाऱ्याला तीन महिने पुरतात. अमरनाथ यात्रेला जाणाऱ्यांनी निदान महिनाभर आधीपासून रोज ४-५ किलोमीटर चालावे, असे श्री अमरनाथजी श्राइन बोर्ड सांगते. ३,८८८ मीटरवरच्या गुहेपर्यंतच्या यात्रेसाठी ती किमान अट म्हणून ठीक. आठवडाभराच्या ट्रेकला महिना अपुरा आहे.

तपासणी आधी

बूट विकत घेण्याआधी डॉक्टरांकडे जावे. चाळिशी ओलांडलेल्यांनी, आणि रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी वय कितीही असो, हृदयाची तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांना ‘फिरायला जातोय’ असे मोघम सांगू नये. किती उंचीवर, किती दिवस, दवाखान्यापासून किती लांब, हे स्पष्ट सांगावे, म्हणजे ते ट्रेडमिल चाचणी हवी की नको ते ठरवू शकतात.

रक्तातल्या हिमोग्लोबिनची तपासणी हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. प्राणवायू वाहून नेणारा हा घटकच कमी असेल, तर कितीही जिने चढले तरी दम वाढत नाही. उलट बाई स्वतःलाच कमकुवत समजून नाउमेद होते. स्त्रियांत १२ आणि पुरुषांत १३ ग्रॅमच्या खाली आकडा असेल, तर कारण शोधून उपचार आधी व्हावेत. हिमोग्लोबिन भरून यायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून ही तपासणी तयारीच्या पहिल्या आठवड्यातच हवी. जेवणाबरोबरचा चहा सोडणे आणि पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळणे या दोन साध्या सवयींनी अन्नातले लोह जास्त अंगी लागते.

सावकाश चालणे

दम वाढवायचा तर धावावे, जोरात धावावे, अशी सर्वसाधारण समजूत. डोंगरातली चाल मात्र तासन्‌तास चालणारी आणि मंद असते. तिला लागणारी ताकद मंद व्यायामानेच घडते. सावकाश पण दीर्घ चालण्याने स्नायूंतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते, पेशींतली ऊर्जा तयार करणारी केंद्रे वाढतात, आणि शरीर चरबी जाळून चालायला शिकते. साखरेचा साठा दीड-दोन तासांच्या जोरकस श्रमात संपू शकतो, चरबीचा साठा काटक माणसाकडेही काही दिवस पुरेल इतका असतो. सात तासांच्या चालीत हा फरक निर्णायक ठरतो.

वेग बरोबर आहे की नाही, हे ओळखायला यंत्र लागत नाही. बरोबरच्या माणसाशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. वाक्य तुटू लागले की वेग जास्त झाला. नाडी मोजणाऱ्यांनी २२० मधून वय वजा करावे आणि येणाऱ्या आकड्याच्या ६० ते ७० टक्क्यांत राहावे. चाळिशीच्या माणसाला हा पल्ला मिनिटाला १०८ ते १२६ ठोक्यांचा पडतो. सूत्र ढोबळ आहे, माणसागणिक दहा-पंधरा ठोके इकडेतिकडे होतात. गप्पांची कसोटी त्याहून भरवशाची. आठवड्यातल्या व्यायामाचा मोठा भाग या मंद वेगात असावा. उरलेल्या थोड्या वेळात धाप लागेल असे काही करावे, तेही पाया झाल्यावर, दुसऱ्या महिन्यापासून.

चढ

शरीर ज्या कामाला जुंपले जाते त्याच कामात तरबेज होते. रोज १० किलोमीटर सपाट रस्त्यावर चालणारा माणूस सपाट रस्त्यावर चालण्यात तरबेज होतो. चढासाठी चढावेच लागते.

महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांना त्यासाठी जवळचा डोंगर आहे. पुण्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या सुरुवातीच्या आठवड्यांना पुरेशा, पुढे सिंहगड. सातारकरांना अजिंक्यतारा आहे, नाशिककरांना पांडवलेणीची टेकडी. सिंहगड आतकरवाडीतून चढला तर चढ सुमारे ६०० मीटरचा भरतो, म्हणजे हिमालयातल्या एका मध्यम दिवसाएवढा. म्हणून पुण्यातल्या ट्रेकरांत ‘सिंहगडाला किती लागतो?’ हा प्रश्न तब्येत विचारल्यासारखा विचारला जातो. नवख्याला दीड तास किंवा त्याहून जास्त लागतो, सरावलेले तासाच्या आत वर पोचतात. हिमालयाच्या तयारीसाठी मात्र वेळ कमी करण्याच्या मागे लागू नये. तोच गड तेवढ्याच वेळात, पण पाठीवर जास्त ओझे घेऊन आणि वर पोचल्यावर कमी दमून चढता येणे, ही खरी प्रगती.

डोंगर जवळ नसेल तर जिना. एक मजला साधारण ३ मीटरचा धरला तर २० मजली इमारत म्हणजे ६० मीटर. दहा फेऱ्यांत सिंहगडाएवढा चढ होतो. मुंबईच्या उपनगरांत, नागपूरच्या सपाटीवर किंवा आखातातल्या शहरांत राहणाऱ्या मराठी ट्रेकरांना हाच मार्ग. पहिल्या महिन्यात वर पायी जाऊन खाली लिफ्टने उतरावे, म्हणजे गुडघ्यांवर एकदम भार येत नाही. व्यायामशाळेतल्या ट्रेडमिलला १० ते १५ टक्के चढ देऊन चालणेही उपयोगी, पण तसल्या बहुतेक यंत्रांवर उतार नसतो. ही उणीव मोठी आहे, कारण ट्रेकमध्ये माणसाचे पाय निकामी होतात ते बहुधा उतरताना.

उतार

चढताना धाप लागते, छाती भरून येते, त्यामुळे तेच अवघड काम वाटते. उतरताना श्वास शांत असतो, गप्पा रंगतात आणि पायांत काय चालले आहे याकडे लक्ष जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मांड्या अशा भरून आलेल्या असतात की तंबूतून उठून उभे राहणेही जड जाते.

याचे कारण स्नायूच्या कामाच्या पद्धतीत आहे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि अंग वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकसारखा धरून ठेवायचे काम करतो; नाहीतर गुडघा दुमडून माणूस खाली बसेल. ताणले जाताना जोर लावण्याच्या या कामात स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते. दुखणे लगेच होत नाही. एक ते तीन दिवसांनी ते सर्वांत जास्त असते. म्हणजे ट्रेकच्या पहिल्या मोठ्या उताराची किंमत पुढच्या दोन-तीन दिवसांत मोजावी लागते, आणि तेव्हा समोर अजून खिंड असते.

या दुखण्याला घरचा आणि खात्रीचा उतारा आहे. एकदा अशी इजा होऊन भरून आली की तोच स्नायू तसल्याच कामाला पुढचे काही आठवडे पुष्कळ कमी दुखावतो. म्हणून ट्रेकच्या आधीच्या सहा-सात आठवड्यांत दर आठवड्याला एक तरी मोठा उतार पायांखालून गेला पाहिजे. सिंहगड चढून परत गाडीने उतरणाऱ्याची निम्मीच तयारी होते, आणि ती सोपी निम्मी.

घरी करायचा एक व्यायाम यासाठी इतर सगळ्यांहून मोलाचा आहे. जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर, साधारण २० सेंटीमीटर उंचीवर, कडेला तोंड बाहेर करून उभे राहावे. कठड्याला हाताची फक्त बोटे टेकलेली. सगळे वजन उजव्या पायावर ठेवून डावी टाच हवेतून खाली न्यायची. खाली जायला तीन सेकंद घ्यायचे, मनात एक-दोन-तीन मोजत. टाच जमिनीला जेमतेम शिवली, वजन पडू दिले नाही, की पुन्हा वर यायचे. या वेळी उजवा गुडघा पाहत राहावे. तो आतल्या बाजूला, दुसऱ्या गुडघ्याकडे झुकत असेल तर कंबरेच्या बाजूचे स्नायू कच्चे आहेत असे समजावे; गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिली पाहिजे. आरशासमोर केल्यास हे चटकन दिसते. पहिल्या दिवशी आठ वेळाही जमत नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात तोच माणूस पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या करतो. पुढे हातात पाण्याची बाटली, मग पाठीवर पिशवी.

उतरण्याची पद्धतही शिकावी लागते. पावले लहान टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले असावेत, पूर्ण ताठ पायावर उडी मारल्यासारखे वजन टाकू नये. भीतीने अंग मागे रेलले की पाय हमखास घसरतो. अंगाचा भार पावलांच्या वर हवा. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरमाच्या उतारावर, हे अंगवळणी पडायला सह्याद्रीतले चार-पाच गड लागतात. दोन काठ्या वापरल्या तर गुडघ्यांवरचा भार पुष्कळ हलका होतो. उतारावर काठीची लांबी थोडी वाढवून घ्यावी आणि काठी पावलाच्या आधी टेकवावी. काठ्यांची सवय आधीपासून करावी. ज्याने त्या कधी धरल्या नाहीत त्याच्या पायांत त्या अडकतात.

ओझे

बरेच जण मोठी सॅक खेचरावर देतात आणि स्वतः छोटी पिशवी घेऊन चालतात. पाणी, उबदार जाकीट, रेनकोट, खाऊ आणि औषधे धरून ती ४-५ किलोची होते. स्वतःची सॅक स्वतः नेणाऱ्याला ८ ते १० किलो धरावे लागतात. यातले काय करणार, हे पहिल्याच आठवड्यात ठरवावे, कारण सराव त्याप्रमाणे बदलतो.

ओझ्याला पाण्याच्या बाटल्या उत्तम. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशेब सोपा. सुरुवात दोन-तीन लिटरपासून करावी आणि दर आठवड्याला फार तर एक लिटर वाढवावे. यात एक जुनी युक्ती आहे. सुरुवातीच्या महिन्यात पाणी वर नेऊन ओतून टाकायचे आणि रिकाम्या पिशवीने उतरायचे. चढाला ओझे मिळते, गुडघे वाचतात. उन्हाळ्यात गडावरच्या ताक-सरबतवाल्यांना ते पाणी दिले तर वाया जात नाही. शेवटच्या सहा आठवड्यांत मात्र ओझे उतरतानाही पाठीवर हवे. सॅकचा कंबरपट्टा कंबरेच्या हाडावर घट्ट बसवावा. वजनाचा मोठा वाटा कंबरेने पेलायचा असतो, खांद्यांनी फक्त तोल सांभाळायचा.

जोर, बैठका, सूर्यनमस्कार

व्यायामशाळेचे सभासदत्व नसले तरी अडत नाही. आखाड्यातल्या बैठका मांड्यांना, जोर खांद्यांना आणि पाठीला बळ देतात. एका पायावर उभे राहून टाच वर-खाली केल्याने पोटरी आणि घोटा तयार होतो. पोट आणि पाठीसाठी कोपरांवर अंग तोलून धरण्याचा व्यायाम पुरेसा. आठवड्यातून दोन दिवस, अर्धा तास.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी प्रचार केलेले सूर्यनमस्कार महाराष्ट्रात घरोघरी पोचले आहेत. अंग मोकळे ठेवायला आणि खांदे-कंबर लवचिक राखायला ते फार चांगले. पण रोज १०० नमस्कार घालणाऱ्याने डोंगर टाळला, तर पाचव्या दिवशीचा उतार त्यालाही तितकाच छळतो.

एका साध्या गोष्टीकडे शहरी माणसाचे लक्ष जात नाही. कमोडची सवय झालेल्यांना उकिडवे बसता येत नाही, आणि तंबूच्या छावणीतला संडास म्हणजे जमिनीतला खड्डा. दिवसभर चालून भरून आलेल्या मांड्यांनी, थंडीत, चार जाड कपडे सावरत तिथे बसायचे असते. अवघडल्यामुळे पोट साफ होत नाही, मग जेवण कमी होते, मग चाल मंदावते. रोज सकाळी दोन-तीन मिनिटे टाचा टेकवून उकिडवे बसण्याची सवय केली, तर हा त्रास टळतो, शिवाय घोट्याचा आखडलेपणा जातो आणि उतरणेही सुधारते.

आठवड्यांची आखणी

सोळा आठवडे हाताशी असतील तर पहिले चार सवय लावण्याचे. चार दिवस पाऊण तास चालणे, दोन दिवस बळाचे व्यायाम, रविवारी छोटी टेकडी. पाचव्या ते दहाव्या आठवड्यात रविवारचा चढ ३०० मीटरवरून ६०० पर्यंत न्यावा, आठवड्यात एकदा ओझ्यासह जिना घ्यावा. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात चढ ८००-९०० मीटरवर आणि ओझे ट्रेकमध्ये असेल तेवढे. दर चौथा आठवडा हलका ठेवावा, नेहमीच्या निम्मा. शरीर व्यायामात झिजते आणि विश्रांतीत घडते. हलका आठवडा गाळणाऱ्यांचीच नडगी आणि टाच धरते.

अकराव्या आठवड्यापासून शनिवार आणि रविवार दोन्ही दिवस चालणे गरजेचे, कारण थकलेल्या पायांनी चालायचा सराव त्याशिवाय होत नाही. राजगड ते तोरणा ही डोंगरधारेवरची वाट यासाठी नामी आहे. राजगडावर पद्मावती माचीला मुक्काम, दुसऱ्या दिवशी ओझ्यासह धार ओलांडून तोरणा आणि मग वेल्ह्याचा लांबलचक उतार. हे करून सोमवारी जिना नीट उतरता आला तर तयारी रुळावर आहे. कळसूबाई हे १,६४६ मीटरचे राज्यातले सर्वोच्च शिखर. बारी गावातून चढ साडेआठशे-नऊशे मीटरचा भरतो, मोठ्या दिवसाचा अंदाज त्यावरून येतो. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट किंवा अलंग-मदन-कुलंगचे कातळटप्पे यांची गोष्ट वेगळी. तिथे कातळारोहणाचे कसब आणि जाणता सोबती लागतो. दमाची तयारी करायला तिथे जाऊ नये.

ऋतूचा विचार आधीच करावा. मे-जूनच्या ट्रेकची तयारी जानेवारीत सुरू होते आणि कळसाला पोचते ती ऐन एप्रिलच्या उन्हात. तेव्हा पहाटे पाचला पायथा सोडून नऊच्या आत खाली यावे. अकरानंतर उघड्या सोंडेवर उष्माघाताचा धोका खरा असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ट्रेकची तयारी पावसाळ्यात पडते. शेवाळलेल्या कातळावर ओझे घेऊन उतरण्यापेक्षा त्या महिन्यांत रुळलेली वाट आणि जिना बरा. ट्रेकच्या तोंडावर मुरगळलेला घोटा सहा आठवडे मागतो.

तळवे आणि बूट

ट्रेकसाठी घेतलेले नवे बूट नवेच घेऊन हिमालयात जाणे ही वारंवार दिसणारी आणि सहज टळणारी चूक. बूट दोन महिने आधी घ्यावेत, संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाऊल थोडे फुगते, आणि जाड मोजे घालून मापावेत. दुकानातच उतरत्या फळीवर किंवा पायरीवर उभे राहून पाहावे. अंगठा पुढे आपटत असेल तर एक माप मोठे. अंगठा आपटणारा बूट तसाच वापरला तर दोन लांब उतारांत अंगठ्याचे नख काळे पडते. नंतर निदान चार-पाच गड त्याच बुटांनी, त्याच मोज्यांनी करावेत. फोड कुठे येतो ते सरावातच कळते, आणि त्या जागी मेडिकलच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी आधीच लावता येते.

खाणे

तयारीच्या काळात वजन झपाट्याने उतरवण्याच्या मागे लागू नये. उपाशी शरीर व्यायामाने बळकट होत नाही. किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने पुरेशी, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७० ते ९५ ग्रॅम. मराठी शाकाहारी ताटात हा आकडा आपोआप भरत नाही. डाळ पातळ असते आणि भाकरी-भात जास्त. दोन्ही वेळा घट्ट वरण किंवा उसळ, दही, मूठभर शेंगदाणे, चालत असेल तर अंडी, अशी भर घालावी लागते.

रविवारच्या चढाईत खाण्याचाही सराव करावा. उंचीवर भूक मरते, म्हणून तासा-तासाला थोडे खाण्याची सवय आधी हवी. गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, खजूर हे थंडीतही चावता येते आणि पोटाला ओळखीचे असते.

उंची

आतापर्यंतच्या सगळ्या तयारीने पाय आणि दम घडतो. विरळ हवेशी जुळवून घेण्याचे काम मात्र शरीर तिथे पोचल्यावरच करते. हवेतले प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे सुमारे २१ टक्केच असते. उंचीवर हवेचा दाबच कमी होतो, आणि बेस कॅम्पला तो समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जरा वर उरतो. दीड हजार मीटरच्या पुढे दर १०० मीटरला माणसाची कमाल श्रमशक्ती साधारण एक टक्क्याने घटते. ४,००० मीटरवर ती पाव हिश्शाने कमी झालेली असते. ज्याच्याकडे शक्तीचा साठा मोठा, त्याला उरलेल्या शक्तीत चालणे सोपे जाते. तयारीचा उंचीवरचा फायदा एवढाच.

विरळ हवेचा आजार धडधाकट माणसालाही तितक्याच सहजतेने गाठतो. किंबहुना तगडा तरुण वेगाने वर जातो, त्रास लपवतो आणि जास्त गोत्यात येतो. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, झोप उडणे ही पहिली लक्षणे. ती असताना आणखी वर जायचे नाही. चालताना झोकांड्या जाणे, बोलण्यात गोंधळ, बसल्या जागी धाप लागणे ही मेंदूला किंवा फुफ्फुसाला सूज आल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी रात्र असो वा पाऊस, ताबडतोब खाली उतरवावे लागते. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, हा मान्य नियम. ट्रेक निवडतानाच वेळापत्रक या नियमाला धरून आहे का, ते तपासावे. ॲसिटाझोलामाइड हे औषध घ्यायचे की नाही, ते डॉक्टरांनी ठरवावे.

कापराची पुडी हुंगल्याने प्राणवायू वाढतो, असा समज महाराष्ट्रातून जाणाऱ्या यात्रेकरूंत आणि ट्रेकरांत पक्का आहे. कापराचा वास नाकाला गार लागतो आणि श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. रक्तातला प्राणवायू त्याने वाढत नाही. यातला धोका असा की बरे वाटते म्हणून माणूस खाली उतरायचे लांबवतो. प्राणायामाने श्वासावर ताबा येतो, मन स्थिर राहते, पण उंचीशी जुळवून घेण्याला तो पर्याय नाही. कळसूबाईवर कितीही रात्री काढल्या तरी १,६४६ मीटरची सवय ४,००० मीटरला कामाची नसते.

शेवटचे दहा दिवस

निघण्याआधी दहा दिवस मोठा व्यायाम थांबवावा. या काळात ताकद वाढत नाही, फक्त दुखापत होऊ शकते. रोज अर्धा-पाऊण तास साधे चालणे आणि पुरेशी झोप, एवढेच. पायाची नखे निघण्याच्या तीन-चार दिवस आधी सरळ कापावीत. मुंबई-पुण्याहून दिल्लीपर्यंत रेल्वे आणि पुढे घाटातली रात्रीची बस यांत दीड-दोन दिवस जातात आणि बसून पाय सुजतात. थांब्यावर खाली उतरून दहा मिनिटे चालावे.

पहिल्या दिवशी चार महिन्यांची तयारी अंगात सळसळत असते आणि पाय आपोआप वेगाने पडतात. तेव्हा पहाडी वाटाड्यांची चाल पाहावी. पुढचे पाऊल टेकल्यावर ते मागचा गुडघा क्षणभर सरळ करतात. तेवढ्या क्षणात वजन हाडावर येते आणि मांडीला विसावा मिळतो. प्रत्येक पावलाला मिळणारा हा विसावा दिवसभरात हजारो वेळा मिळतो, म्हणून ते न थांबता चालू शकतात. मुक्कामी पोचल्यावर बूट-मोजे काढून तळवे उजेडात पाहावेत, आणि टाच किंवा बोट जिथे लाल दिसेल तिथे त्याच संध्याकाळी पट्टी लावावी.